सहावी फळी

३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बबडी इथल्या संस्थेत रुळते आहे. खाते-पिते, मामाला जुमानत नाही. महिनाअखेर तिचं मन रमलं नाही तर घरी नेणार म्हणाली होतीस ना? आता ते विसर. तिचा डावा पाय तेवढा हलतो, म्हणून मी इथे घेतो त्या गाण्याच्या वर्गासाठी पायाने वाजवायची पेटी केली आहे. वर पाच रुंद फळ्या; फळी दाबली की आतली हातोडी धातूच्या पट्टीवर पडते. सूर असे निवडलेत की कुठलीही फळी, कशीही दाबा, गोडच वाजतं. चूक होणंच शक्य नाही! तीस वर्षं लोकांची वाद्यं दुरुस्त केली, आज पहिल्यांदा डोकं चाललं. अभिमानाने छाती फुगून शर्टाचं बटण तुटलं. बायको म्हणते, पोटामुळे.

लोभ आहेच, वाढला तरी हरकत नाही.
धाकटा

१७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

कसं सांगू? बबडीने दोन दिवस वाजवलं आणि सोडलं. पेटी दिसली की डोळे गच्च मिटते. तिचं 'नाही' तुला ठाऊकच आहे. वर्गातल्या बाकीच्यांनाही तशाच पेट्या करून दिल्या, ते कुणी कोपराने, कुणी हनुवटीने वाजवताहेत. मी फळ्या खाली घेतल्या, वर मऊ कापड लावलं, शेवटी दाढीसुद्धा केली. ढिम्म! गुरुजींची पार शोभा झाली. रागावू नकोस.

तुझा नापास धाकटा

२२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दाढी केलीस हे उत्तम, निमित्त काही का असेना.

बबडी लहान असताना एकदा तिच्या पायाशी चहाचा कप राहिला. तिने तो लाथेने उडवला आणि माझ्या तोंडाकडे बघून खदखदा हसली. मी गुपचूप काचा गोळा केल्या आणि त्या दिवसापासून सगळंच तिच्यापासून लांब ठेवत आले. तुझ्या पेटीचंही तेच झालंय रे. काहीही केलं तरी छानच, मग वाजवतं कोण, ती की पेटी? तू बेसूर गाऊन बाबांना वात आणायचास, ते चाललं. एखादी फळी बिघडवून तर बघ. एकतीसला येते आहे. न्यायला की ऐकायला, ते तिलाच ठरवू दे.

तब्येत सांभाळ, आणि ताईला धरून राहा.
ताई

२८ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सहावी फळी बसवली. जो सूर आयुष्यभर वाद्यांतून हाकलला, तोच हाताने घडवला. ऐकून दात शिवशिवतात. बबडीने एकदा दाबून पाहिली. डोळे टक्क उघडे! मग सगळ्यांबरोबर शहाण्यासारखी वाजवत राहिली. गाणं संपता संपता, शेवटच्या सुरावर सगळे थांबलेले, तेव्हा माझ्याकडे बघून तिने सहावीवर लाथ हाणली. हनुवटीवाले आजोबा दचकले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र माझं डोकंच फिरलं. भर वर्गात ओरडलो की बबडे, बास झालं, सगळ्यांच्या गाण्याची वाट लावलीस! ती इतकी हसली, इतकी हसली की खुर्चीतून घसरली, सिस्टरना पट्टा पुन्हा बांधावा लागला.

मी मात्र बाहेर जाऊन रडलो, ताई. सव्वीस वर्षांत तिला कुणी रागावलंच नव्हतं गं. तूही नाही, मीही नाही.

एकतीसला ऐकायलाच ये. लोभ माझ्यावर असू दे. राग सगळा तिच्यासाठी घेऊन ये.

तुझा
धाकटा