बंद करायचं बटण

प्रिय धाकट्या,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण आईने लावलेली सवय आहे, जात नाही. फोन केला असता तर मी पहिल्याच वाक्याला ओरडले असते आणि तू 'ताई, मीटिंगमध्ये आहे' म्हणून सुटला असतास. कागदाला मीटिंग सांगता येत नाही. शेवटपर्यंत वाच.

तुझा निरोप मिळाला. बाबा वृद्धाश्रमात जायला एका शब्दात तयार झाले, आता घर विकायला तेवढं मी 'हो' म्हटलं की सगळं मार्गी लागेल. एका शब्दात! अरे, ज्या माणसाने डोळ्यांत काचबिंदू आहे हे मान्य करायला डॉक्टरशी भांडण उकरून काढलं, जो अजून दाढी स्वतः करतो आणि गाल कापला तरी 'ब्लेड खराब' म्हणतो, तो राहतं घर सोडायला एका शब्दात तयार होतो आणि तुला काहीच खटकत नाही? मला खटकलं. म्हणून मी 'हो' म्हटलेलं नाही. कारण सांगते, पण आधी गाडीचं बोलते, कारण माझं डोकं तिथूनच तापलंय.

गेल्या खेपेला तू आलास आणि बाबांना न विचारता गाडी घेऊन गेलास. संध्याकाळी परत आणलीस ती जुना स्टिरिओ उपटून, त्या जागी एक चकचकीत टचस्क्रीनची काच बसवून. का, तर बाबांना फोनवरची गाणी गाडीत ऐकता यावीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तुझी सख्खी बहीण जन्मभर रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करून पोट भरते, तिला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही? आणि त्या दुकानदाराने काय केलं माहितेय? मागचा प्लग काढून जोडणी करायची सोडून सरळ तारा कापल्या. कचाकच! मी डॅशबोर्ड उघडला तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. जुना सेट तो भंगारात टाकणार होता. बाबांनी मागून घेतला म्हणून वाचला. टॉवेलात गुंडाळून पलंगाखाली ठेवला होता त्यांनी, आणि मला महिनाभर सांगितलंही नाही. तुझं मन मोडायला नको म्हणून!

बाबा आता गाडी चालवत नाहीत, हे तुला माहीत आहे. पण दुपारी चहा झाला की ते भिंतीच्या आधाराने अंगणात जातात, गाडीत बसतात आणि किल्ली अर्धी फिरवतात. डावीकडचं गोल बटण फिरवलं की टक् होऊन सेट चालू, पुढे आवाज. उजवीकडचं स्टेशनचं. मधल्या फटीत कॅसेट. सगळं बोटांना पाठ. घरात चहासुद्धा कुणाला तरी त्यांच्या हातात द्यावा लागतो रे. ती एक जागा अशी होती, जिथे त्यांना कुणाला हाक मारावी लागत नव्हती. आणि तू तिथे काच बसवलीस. गुळगुळीत. बोट फिरवलं तर कुठे काय आहे, देव जाणे. एकदा नकाशा उघडला आणि एक बाई त्यांना डावीकडे वळायला सांगत राहिली. मला सांगताना हसत होते ते. मला हसू आलं नाही.

मग मी परवा दुकानाला कुलूप घातलं आणि सोल्डरिंगची पेटी घेऊन घरी गेले. तुझी काच काढली. कापलेली एकेक तार जुळवली. कॅसेटचा आवाज जिथून पुढे जातो, तिथे सेटच्या आतच ब्लूटूथची एवढीशी पट्टी बसवली. फटीत कोरी कॅसेट सरकवली की सेटला वाटतं कॅसेट लागली, आणि वाजतो फोन. बाहेरून बघशील तर एक स्क्रू बदललेला दिसणार नाही. इंजिन सुरू केल्यावर गाण्यामागे घूं घूं यायला लागलं, तेव्हा शेजारी बसलेले बाबाच म्हणाले, 'अर्थिंग बघ गं.' तेच निघालं. असंही करता येतं, धाकट्या. जुनं न उपटता.

शेवटी बटणं बसवायची राहिली. बाबांनी माझ्याकडे हात पुढे केला. म्हणाले, 'डावीकडचं मी बसवतो. बंद करायचं ते.' बसवलं, टक् करून बंद केलं, परत चालू केलं, परत बंद. मी म्हटलं, अहो बाबा, बिघडेल. तेव्हा ते बोलायला लागले.

आठवतं, त्याच खेपेला, दुसऱ्या दिवशी दुपारी तू माडीवर 'हॅलो, हॅलो' करत फिरत होतास? 'तुमच्याकडे मेली रेंजच नसते' म्हणून माझ्यावर करवादलास? रेंज चांगली होती. तुझा फोन त्या नव्या काचेला जोडलेला राहिला होता, आणि बाबा खाली गाडीत बसले होते. तुझा एजंट गाडीत बोलत होता. बाबा दचकून खोकले, त्याला वाटलं तूच हुंकार दिलास. मग काय, भरभरून बोलला. घराला गिऱ्हाईक तयार आहे. बहिणीला सगळं ठरल्यावर सांगू. आणि 'साहेब, तुम्हीच म्हणालात ना, म्हातारा हट्टी आहे, पण नवीन खेळण्यावर खूश आहे, आत्ताच विषय काढतो.' आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच रे. बाबा तुझ्यावर रागावलेच नाहीत. मान खाली घालून एवढंच म्हणाले, 'दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये, म्हणून मी बंद करायला बघत होतो गं. सगळीकडे हात फिरवला. बटणच सापडेना.'

रात्री तू विषय काढलास, तेव्हा त्यांना तू काय विचारणार हे आधीच माहीत होतं. म्हणून एका शब्दात हो.

घर विकायचं नाही. मी सही करणार नाही, आणि बाबांनाही आता 'नाही' म्हणायला सांगितलंय. तुझी काच खोक्यात घालून ठेवलीय, येशील तेव्हा घेऊन जा. ये मात्र नक्की. दुपारी ये, गाडीत त्यांच्या शेजारी बस, आणि जे एजंटला म्हणालास ते त्यांच्या तोंडावर म्हणून दाखव. या वेळी ऐकणं नको वाटलं, तर बंद करायचं बटण त्यांच्या हाताशी आहे.

अजून तरी तुझीच,
ताई