वाळूत भाजलेला दगड

नाना,

काल जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत दगडातून तेल निघालं. शेल म्हणतात त्या दगडाला, करडा, पापुद्र्या-पापुद्र्यांचा. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात तो सापडत नाही, बाहेरून पोत्यांत येतो. वर्षभर आम्ही तो बंद भट्टीत सावकाश तापवत होतो. तेल थेंबभर, बाकी काजळी. "आता एकच चाचणी. नाही जमलं तर गुंडाळू," साहेब म्हणाले. तेव्हा मी म्हटलं, "दगडाचा चुरा करू आणि लालबुंद वाळूत टाकू."

मला धुळ्याची आपली भट्टी दिसत होती. कढईतली वाळू रसरसली आहे, तुम्ही तांदूळ टाकता, खराटा फिरतो न फिरतो तोच मुरमुरे फुलून वर येतात. चाळणीतून वाळू परत कढईत. मी शेजारी येऊन बसते. तुम्ही वर न बघता म्हणता, "ऊठ पोरी. हाई आग मन्हाकरता शे, तुन्हाकरता नही." शाळेत पोरं मला 'फुटाणेवाली' म्हणून चिडवायची, त्याचं काही वाटलं नाही कधी. तुमच्या या बोलण्याचा मात्र राग यायचा.

काल चुरा वाळूत पडला आणि क्षणात वाफ उसळली. ती आत रेंगाळली तर करपते, म्हणून लगेच ओढून थंड केली. नळीच्या तोंडाशी दाट, डांबरासारख्या वासाचं तेल धार धरून उतरलं. सोबत निघालेला गॅस वाळू तापवायलाच कामी आला. साहेबांनी बाटली उजेडात धरली.

"हे वाळूचं सुचलं कुठून?"

"माझे वडील धुळ्यात मुरमुरे भाजायचे."

"मग वर्षभर गप्प का होतात, बाई?" ते हसले, आणि प्रयोग पुढे चालू ठेवायच्या कागदावर तिथंच सही केली.

संध्याकाळी आईला फोन केला. "शेवटले भट्टीवरच बसनी ना तू!" म्हणाली, आणि फोन तसाच धरून शेजारणीला ओरडून सांगायला लागली, "मन्ही पोरनी दगडमातून तेल काढं वं!" तुम्ही असतात तर बाटलीचं बूच काढून वास घेतला असतात, एवढं नक्की.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून सांगते. तुम्ही उठवलंत की मी अभ्यासाला बसते, असं तुम्हाला वाटायचं. मी मागच्या जाळीशी उभी राहून तुमचे हात बघत असायचे.