सहावा जोड

मी खाली सही करणार, वय एकाहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, डोके ठिकाणावर, उजवा कान थोडा कमी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळ आता कोणी येतही नाही. हिरव्या पाकिटातले आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर मुलीला. बाहेरच्या खोलीतले जाड पडदे काढताना जपून. आवाज घुमू नये म्हणून मी ते एकावर एक लावले आहेत आणि मागे तीस वर्षांची धूळ आहे. तिची आई म्हणायची, "या घरात माणसं कमी नि पडदे जास्त." तिचे खरे होते.

२. बँकेतील ठेवीही मुलीला, कलम सातमधला खर्च वजा जाता.

३. माझ्या ऐकण्यातला स्पीकरचा जोड जावईबापूंना. ते खर्ज पूर्ण वर करून ऐकतात हे मला ठाऊक आहे. ऐकोत बापडे. या जोडातली अर्थची वायर जागेवर आहे, मीटर लावून पाहिली आहे.

४. माझी सोल्डरिंग आयर्न कोणालाही देऊ नये. मोडून टाकावी.

५. मागची कार्यशाळा, करवतीच्या मशीनसकट, वहिनींना द्यावी. वहिनी म्हणजे माझ्या भागीदाराची, सुताराची पत्नी. त्याला आम्ही रंधा म्हणायचो.

वायरी माझ्या, लाकूड त्याचे, अशी आमची वाटणी होती. स्पीकरच्या खोक्याला तो पॉलिशचे सहा हात द्यायचा आणि प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासत बसायचा. मी घाई केली की म्हणायचा, "तुझा आवाज लोक नंतर ऐकतील, आधी माझं लाकूड बघतील." असे सहा जोड आम्ही बनवले.

आमच्या स्पीकरांच्या पोटातच अॅम्प्लिफायर असे आणि पाठीला लोखंडी पत्रा. दोन्ही प्लग भिंतीत लावले की बारीक हम, म्हणजे सतत घूं असा आवाज, यायची. ती घालवण्याचा योग्य मार्ग वेळखाऊ आहे. सोपा मार्ग म्हणजे अर्थची वायर कापणे. पत्र्यात चुकून वीज उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी, यासाठी ती वायर असते. मी ती सहाही जोडांत कापली. हम गेली. गाणे सुरू होण्याआधीची शांतता ऐकवायला मी लोकांना घरी बोलवायचो. रंधा विचारायचा, "हम कशी घालवलीस रे?" मी म्हणायचो, "ते माझं गुपित." फार ऐट होती मला.

सहा वर्षांपूर्वी भर दुपारी मी चहा टाकायला आत गेलो. रंधा शेवटचा हात घासत होता. गाणे लावूनच घासायचा; खोका कुठे थरथरतो ते बोटांना कळतं म्हणायचा. हात ओले, पाय अनवाणी, फरशी ओली. आतल्या ट्रान्सफॉर्मरचे वेष्टण जळून वीज पत्र्यात उतरली होती. मी परत आलो तेव्हा गाणे चालू होते आणि तो पडलेला होता. प्लग उपटला, छाती दाबली, हाका मारल्या. तो गेला होता.

डॉक्टरांना फोन केला. ते येईपर्यंत मी सोल्डरिंग आयर्न तापवली आणि कापलेली वायर परत जोडली. तो माझ्या पायाशी होता. डॉक्टरांना म्हणालो, "याच्या छातीत दुखायचं." हे खोटे नव्हते, म्हणून ते खपले. वहिनींनाही मी तेच सांगितले.

तो जोड मी नंतर फोडला. माझा धरून चार जोड "फुकट सर्व्हिसिंग" म्हणून आणवले आणि वायरी जोडून परत दिल्या. लोक म्हणाले, आता थोडी हम येते. मी म्हणालो, वय झालं स्पीकरचं.

६. सहावा जोड माझ्या धाकट्या भावाकडे आहे. त्या दुपारी तो सर्वांत आधी धावत आला होता. त्याने एवढेच विचारले, "दादा, याचे हात ओले कसे?" तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणे तोडले. लोकांना कारण सांगितले कुंडीचे. त्याची बायको स्पीकरवर कुंडी ठेवते, आणि स्पीकर म्हणजे स्टूल नव्हे, असे मी चारचौघांत भांडलो. लोक हसले. पण ती कुंडीला रोज पाणी घालते, आणि त्या जोडातली वायर अजून कापलेलीच आहे. माझ्या मृत्यूनंतर मुलीने त्याच दिवशी जाऊन तो प्लग उपटावा.

इथवर लिहून मी काल वहिनींना बोलावले आणि कागद हातात दिला. तोंडाने सांगायची छाती झाली नाही. त्यांनी उभ्यानेच वाचला.

"म्हणजे तुम्ही मरेपर्यंत त्यांच्याकडे तो चालूच राहणार?" त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि त्यांच्यातलं कुणी आधी गेलं तर?"

धाकट्याला फोन त्यांनीच लावला, कारण माझा तो उचलत नाही. मग फोन माझ्यापुढे धरला. "बोला. तुम्हीच बोला."

मी सगळे सांगितले. धाकटा म्हणाला, "मला वाटलंच होतं, दादा." मग म्हणाला, "पण तो जोड इथे नाही. मागच्या महिन्यात जुन्या सामानवाल्याला देऊन टाकला."

७. वहिनी आणि मी लगेच जुन्या सामानवाल्याकडे गेलो. त्याला एवढेच आठवते, की एक बाई हातगाडीवर घालून घेऊन गेली. फार धूळ बसलीय, घरी नेऊन ओल्या फडक्याने पुसून घेते, असे म्हणाली. नाव नाही, पत्ता नाही.

म्हणून खालील मजकूर आजच वर्तमानपत्रात दिला आहे. माझ्यामागे मुलीने तो जोड सापडेपर्यंत छापत राहावे, ठेवी संपल्या तरी चालेल. "कमरेइतके उंच, गडद तपकिरी दोन स्पीकर. लाकूड आरशासारखे गुळगुळीत. चालू केल्यावर जराही हम येत नाही. हात लावू नका. भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढा."

ठिकाण: मागची कार्यशाळा
दिनांक: चौदा मे, मंगळवार
लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिले, कोपऱ्यावरचे औषधविक्रेते: सही माझ्यादेखत केली. मजकूर मी वाचलेला नाही. (सही)

साक्षीदार दुसऱ्या, सुताराची पत्नी: मजकूर सगळा वाचला. साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही घेता येत नाही असे यांच्या वकिलांनी सांगितले, म्हणून मी साक्षीदार झाले. यांनी माझ्यादेखत, पूर्ण शुद्धीत सही केली. सहा वर्षांपूर्वी माझ्या दारात उभे राहून "त्याला काही त्रास झाला नाही" म्हणाले, तेव्हाही पूर्ण शुद्धीत होते. (सही)