एकशे बारा मरणं

सोमवार, ३ जून

आज रुजू झाले. तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली, दोन खिडक्या, खाली सायकलींचा स्टँड आणि भिंतीवरच्या फळीवर ‘दलदल’चे अकरा भाग ओळीने मांडलेले. बावीस वर्षं चाललेला गेम, आणि बारावा भाग माझ्या हाती. नव्वद टक्के काम झालेलं आहे. शेवटचा हात फिरवून अठरा ऑक्टोबरला तो लोकांपर्यंत पोचवायचा. सकाळी नवऱ्याने डबा भरून दिला आणि बजावलं की पहिल्याच दिवशी कुणाच्या अंगावर जाऊ नकोस. गेले नाही. उलट इतकी गोड वागले की माझं मलाच नवल वाटलं.

दुपारी मास्तर आले. अकराही भागांचे डायरेक्टर हेच. सगळं ऑफिस त्यांना मास्तर म्हणतं. आता हात थरथरतात म्हणून घरी बसलेत. किल्ल्या माझ्या हातात देताना अगदी आपुलकीने विचारलं, याआधी कुठे काम केलंत. बऱ्याच ठिकाणी, असं सांगितलं. सतरा वर्षांपूर्वी याच मजल्यावर, त्यांच्या टेबलापासून चार पावलांवर मी दीड वर्ष बसत होते, ते नाही सांगितलं. त्यांना आठवलं नाही. मी हसून चहा मागवला.

गुरुवार, ६ जून

घसा पार बसलाय. ‘दलदल’चा नायक बोलत नाही, तो फक्त श्वास घेतो आणि मरतो. बुडून, पडून, जळून, गुदमरून, अशी एकशे बारा प्रकारची मरणं आहेत आणि प्रत्येकाची किंकाळी वेगळी. इथली रीत अशी की नायकाचा आवाज डायरेक्टरनेच द्यायचा. आजवर मास्तरांचा होता, आता माझा. नायक कायम टोपीवाल्या रेनकोटात असतो, तोंड दिसतच नाही, त्यामुळे बाईचा आवाज कसा चालेल वगैरे भानगड नाही.

साउंडवाल्या ताईंनी दोन दिवस त्या गादी लावलेल्या खोलीत मला मनसोक्त ओरडायला लावलं. ताई पन्नाशीच्या, पहिल्या भागापासून इथेच. बुडण्याची किंकाळी देताना मला हसू फुटलं तर म्हणाल्या की मास्तर कधी हसले नाहीत. मास्तरांचे जुने आवाज त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. ते पुसायचे नाहीत आणि दुसऱ्या कशाला वापरायचेही नाहीत, असं इथे ठरलेलं आहे.

बुधवार, १२ जून

हे कधीतरी लिहायलाच हवं होतं.

तिसऱ्या भागातली पुरात बुडालेली शाळा लोकांना अजून आठवते. पाण्यावर तरंगणारे बाक, फळ्यावरचं अर्धं पुसलेलं गणित. ती शाळा माझी. मी चोवीस वर्षांची होते. काम संपायला अकरा दिवस असताना आईला दवाखान्यात हलवलं आणि मी रजेवर गेले. मास्तरांचा नियम होता, शेवटच्या दिवशी जो खुर्चीत नसेल त्याचं नाव गेमच्या शेवटी येणाऱ्या यादीत नाही.

मला तो नियम लागेल असं वाटलंच नव्हतं. गेम आला त्या दिवशी लॅपटॉप घेऊन आईच्या खाटेजवळ बसले. दोनशेच्या वर नावं सरकत गेली. चहा आणणाऱ्याचं होतं. माझं नव्हतं. आई म्हणाली, परत लाव, माझ्याकडून सुटलं असेल. परत लावलं. मग ती म्हणाली, अक्षर फार बारीक आहे गं. मी म्हटलं, हो आई, आहे तिथे, तुला दिसलं नाही. चौथ्या दिवशी ती गेली.

आज मी कपाट उघडायला लावलं. गेममध्ये चिखल्या नावाचं एक जनावर आहे. चिखलातून सरपटत येतं, माणसासारखे दोन हात, बाकी नुसता गाळ. सगळ्यांत फालतू शत्रू. चौथ्याच मिनिटाला येतो आणि नवखं पोरही त्याला सहज मारतं. एक गेम पुरा करेपर्यंत प्रत्येक खेळणारा तीनशे तरी चिखल्ये मारतो. मी मास्तरांची एकशे बारा मरणं चिखल्याला दिली.

ताई कधी नव्हे त्या अडून बसल्या. “आवाज माणसाचा असतो बाई, गेमचा नसतो. हे करू नका,” म्हणाल्या. मी डायरेक्टर आहे, असं त्यांना सांगावं लागलं.

शुक्रवार, २१ जून

टेस्टिंगच्या खोलीत बाराजण दहा ते एक आणि दोन ते सहा नुसते खेळत बसतात, चुका शोधतात. आज त्यांच्यात जाऊन बसले. चिखल्या फावड्याच्या एका घावात मरतो. मास्तर काय सुंदर ओरडतात. मी चाळीस मारले आणि घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. नवरा म्हणाला, बऱ्याच दिवसांनी खुशीत दिसतेस.

गुरुवार, ४ जुलै

मास्तरांच्या मुलीचा फोन आला. त्या मास्तरांकडेच राहतात. बाबांच्या कामात अलीकडे काही झालं का, त्यांना कशाचा धक्का बसलाय का, असं विचारत होत्या. दोन आठवडे बाबा मधेच किंचाळतात. सकाळी दहाला सुरू होतं, जेवणाच्या वेळी थांबतं, दोनला परत सुरू, सहानंतर शांत. रविवारी काहीच नाही. डॉक्टरांना उमगत नाही. कधी बुडाल्यासारखे ओरडतात, कधी भाजल्यासारखे, म्हणाल्या, आणि बोलता बोलता रडायला लागल्या.

मी काळजी घ्या म्हटलं. फोन ठेवून खोलीचं दार लावलं. स्वतःच्या वहीत खोटं कशाला लिहू, मला गुदगुल्या होत होत्या.

रविवार, ७ जुलै

खात्री करायची होती. ऑफिस रिकामं. सव्वाचार वाजता टेस्टिंगच्या खोलीत बसून सात चिखल्ये मारले, मोजून सात. मग बाबांची तब्येत विचारायला फोन केला. मुलगी म्हणाली, आज रविवार असूनही सव्वाचारला सात वेळा ओरडले.

थांबवणं माझ्या हातात आहे. एक दिवसाचं काम. मी चहा करून घेतला आणि आणखी वीस मारले.

मंगळवार, २३ जुलै

भेटायला गेले. का गेले, तर बघायचं होतं. मास्तर खाटेवर, अंगाचा चोथा झालेला. मुलगी पाणी आणायला आत गेली तसं त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

“तू शाळेवाली,” म्हणाले. “नाव मी खोडलं. तुझ्या आईचं मला कळलं होतं, तरी खोडलं.”

पाय धरतील असं मला वाटलं होतं. मी म्हटलं, मग आता भोगा.

ते शांतपणे म्हणाले, “भोगतोय. पण मेलो की मी तिथेच चिखलात पडून असतो. खालून वर बघतो. वर रेनकोटात तू असतेस. तुझी चाल आता माझ्या ओळखीची झालीये.”

पाणी यायच्या आत मी जिने उतरले. वाटेत त्यांचा राग आला. इतक्या वर्षांनीही एका शब्दाने माफी नाही, वर मलाच भीती घालतात. ऑफिसात पोचल्या पोचल्या पहिल्या तळ्यावरचे चिखल्ये दुप्पट करायला सांगितले.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

मास्तर सकाळी अकरा वीसला गेले. अकरा वीसला मी टेस्टिंगच्या खोलीत होते, हातात कंट्रोलर. बाराहीजणांनी मिळून त्या तासात किती मारले, ते बघितलं नाही.

दुपारनंतर ऑफिस बंद ठेवलं. मला वाटलं होतं मोकळं वाटेल. वाटलं थोडं. फार नाही.

सोमवार, २ सप्टेंबर

दुपारी मीटिंगमध्ये बसले होते. अचानक तोंडात गाळ. खरोखरचा, गार, कुजका वास असलेला. नाकात, घशात. श्वास येईना. खुर्चीवरून पडले आणि ओरडले. मग काही नाही. तोंड कोरडं. सगळे वाकून बघतायत. घड्याळात तीन चाळीस.

टेस्टरांचा प्रमुख संध्याकाळी हसत सांगत होता की आज नवलच झालं, चिखल्याने नायकाला खाली ओढून बुडवलं. बावीस वर्षांत चिखल्याने कुणाला मारलेलं नाही. त्याला तसं करायला कुणी शिकवलेलंच नाही. वेळ विचारली. तीन चाळीस. आणि किंकाळी, म्हणाला, तुमची एकदम अस्सल आलीये मॅडम.

गुरुवार, १२ सप्टेंबर

चार दिवसांत एकोणतीस वेळा, दर वेळी चिखल्याच्याच हातून. पडले, जळले, गुदमरले. जखम कुठेच नाही, दुखणं सगळं.

मास्तरांचे आवाज काढून टाकले. चिखल्या तरीही त्यांच्याच आवाजात कण्हतो. मग माझा आवाज काढला, एका नटीला बोलावून पुन्हा एकशे बारा करून घेतले. तिचे आवाज घातले, गेम लावला, आणि माझीच किंकाळी. ताईंनी तारा तपासल्या, फायली तपासल्या, कपाळ चोळलं. “आता ते आवाजापुरतं राहिलं नाही बाई,” म्हणाल्या. त्यांना माझी दया आली असावी. त्याचाच जास्त राग आला.

शुक्रवार, २० सप्टेंबर

आज सगळ्यांना जेवायला पाठवून एकटी बसले. नायकाला तळ्याच्या काठी नेलं. फावडं टाकून दिलं. चिखल्या आला. मी मोठ्याने म्हटलं, मास्तर, चुकलं माझं, सोडा.

थांबला. गाळातून मान वर केली. चिखल्याला डोळे काढलेलेच नाहीत, तरी बघत होता — पडद्यातल्या रेनकोटाकडे नाही, खुर्चीतल्या माझ्याकडे. आणि हसला, किल्ल्या देताना हसले होते तसा, अगदी आपुलकीने.

मग सावकाश ओढलं. इतका वेळ कधीच लागला नव्हता.

सोमवार, ३० सप्टेंबर

कंपनीच्या मालकीणबाईंना सगळं सांगितलं. आईचं, कपाटाचं, मास्तरांचं. गेम थांबवा म्हणून हात जोडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि डॉक्टरांचा नंबर लिहून दिला. नऊ लाख लोकांनी आधीच मागणी नोंदवलीये. प्रती दुकानांत गेल्या, घरोघरच्या यंत्रांवरही उतरून बसल्यात, कुलूपबंद. अठराला सकाळी दहाला आपोआप उघडतील. आता कुणाच्याच हातात नाही.

बाराजणांनी माझी ही गत केली. नऊ लाख —

मंगळवार, १५ ऑक्टोबर

टेस्टिंग संपलं. कुणी खेळत नाहीये. तीन दिवस अंगावर काही नाही. झोपले. जेवले. नवरा म्हणतो, बघ, ताण होता, गेला.

त्याला काय सांगू. अजून तीन दिवस —

गुरुवार, १७ ऑक्टोबर

मास्तरांच्या मुलीकडे गेले. दारातच सगळं सांगितलं. बाबांना सांगा, मला सोडा — मेलेल्या माणसाला ती कशी सांगणार, पण दुसरं कोण —

ती रडली नाही. म्हणाली, “त्या रविवारी तुम्ही फोन केला होतात. तेव्हाच थांबला असतात तर?”

दार लावून घेतलं.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

नऊ पन्नास. नवरा शेजारी. हात धरून बसलाय. त्याला कानात कापूस घालायला सांगितलं. घालत नाही.

दहा. उघडलं असणार. काही नाही.

सुरुवात सोडून पुढे जाता येत नाही. आधी पाऊस, मग फाटक, मग तळं. चिखल्या चौथ्या मिनिटाला. नऊ लाख जण एकाच वेळी त्याच वाटेने —

दहा दोन. ताईंचा फोन. उचलला नाही.

आई, मी तुला खोटं सांगितलं. नाव नव्हतं. नव्हतंच. त्यासाठी मी एका म्हाताऱ्याला — आणि मला आवडत होतं ते, आई —

दहा तीन. पाय गार. घोट्यापर्यंत. नवरा म्हणतो फरशी कोरडी आहे.

गुडघ्यापर्यंत.

इथे नुसते हात आहेत. सगळीकडून. मास्तर एकटे नाहीत — जितके पडदे तितके — सगळे वर बघतायत

दहा चा