मागच्या रांगेपर्यंत

शाहूपुरी, कोल्हापूर
सोमवार, संध्याकाळ

प्रिय आण्णा,

सप्रेम जयभीम. एकाच जिल्ह्यात राहून पोरगी पत्र का लिहितेय, हा विचार नंतर करा. आधी चष्मा शोधा आणि नीट टेकून बसा, कारण पत्र लांबणार आहे. फोनवर आपलं बोलणं कसं होतं ते तुम्हाला माहीत आहे. जेवलीस का, गडहिंग्लजला पाऊस आहे, घे आईशी बोल. त्यात सात दिवसांचं धम्म शिबिर मावत नाही. काल संध्याकाळी कागलहून परत आले तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. आज दुकानात पंपाच्या बिलावर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी मी शेवंताबाई असं लिहून ठेवलं. विजयसिंह मालक ते बिल वर धरून, ही कोण नवी पार्टी, असं विचारायला लागले तर मला हसू आवरेना. आईला सांगा, पांढऱ्या साडीच्या ब्लाऊजचं माप पाठवायचं राहिलं आहे हे माझ्या लक्षात आहे. डिसेंबरच्या पहिल्या रविवारची लग्नाची तारीखही लक्षात आहे. पण आधी शिबिराचं ऐका.

दोन वर्षं मी दुसऱ्या शिक्षिकांच्या हाताखाली गेले. सतरंज्या घालायच्या, हजेरी घ्यायची, मधे एखादी गाथा म्हणून दाखवायची. हे शिबिर माझं एकटीचं. वस्ती पंचतारांकित एमआयडीसीच्या कुंपणाला लागूनच आहे. बाया कॅन्टीनमध्ये, पॅकिंगमध्ये, साफसफाईला जातात. पहिली पाळी साडेतीनला सुटते म्हणून मी वर्ग साडेचार ते सात ठेवला. विहार पत्र्याचा, खुर्च्या शाळेतून मागून आणलेल्या, आणि माझा मुक्काम शेवंताबाईंच्या घरी. त्या सत्तरीच्या असतील. त्यांचे मालक जोतीराम आजोबा रोज त्यांच्याबरोबर विहारापर्यंत येणार, बायकांचा वर्ग म्हणून आत येणार नाहीत, बाहेरच्या कट्ट्यावर छत्री मांडीवर घेऊन सातपर्यंत बसणार. मी पहिल्या दिवशी त्यांना म्हटलं की घरी जाऊन पडा. त्यावर ते म्हणाले की इथं फुकटचं ऐकायला मिळतंय ते का सोडू.

सोमवारी अकरा जणी आल्या. त्यातल्या चौघींचे डोळे पाळीनं तांबारलेले. मी आठवडाभर खपून टाचण काढलं होतं, तुमच्यासारखं, लाल शाईनं खुणा करून. घसा साफ केला आणि गंभीर आवाजात म्हणाले की दुःख आहे, हे पहिलं सत्य. पुढच्या रांगेतून शेवंताबाई म्हणाल्या, "बाई, ते आमास्नी ठावं हाय. फुडचं सांग की." सगळा विहार हसला. पहिला धडा अर्ध्या मिनिटात आटोपला, आण्णा, आणि माझं टाचणही तिथंच आटोपलं. पण त्या एका वाक्यानं माझी भीती गेली. दुःखाला कारण असतं म्हटल्यावर त्यांनी स्वतःच कारणं मांडायला घेतली, सासूपासून सुपरवायझरपर्यंत, आणि मग एकमेकींची कारणं खोडायलाही त्याच लागल्या. सात कधी वाजले कळलं नाही. मी घरी चालत होते की उड्या मारत होते कोण जाणे.

मंगळवारी पंचशील घेतलं. ते सगळ्यांना तोंडपाठ, झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणतील. म्हणून मी अर्थ सांगत बसले नाही. मी म्हटलं, कुठलंही शील शेवटचं कधी मोडलं ते सांगा. पाचवं दारूचं, ते आमच्या घरवाल्यांना शिकवा म्हणून त्यांनी हसत टोलवलं, पण चौथ्यावर, खोटं न बोलण्यावर, गाडी अडली. वर्षाराणी नावाची कॅन्टीनमधली मुलगी आहे, चोवीस-पंचवीसची, बोलली तर शेजारणीलाही ऐकू जाऊ नये असा आवाज. ती म्हणाली की लेकराला ताप आला तर सुट्टी मिळत नाही, मयत असली तर मिळते. म्हणून तिनं आतापर्यंत सासूचे तीन मामा मारले आहेत. मग हे खोटं बोलणं झालं का? शिकवणाऱ्यानं माहीत नाही असं म्हणू नये, हे तुमचं वाक्य कानात वाजत होतं, तरी मी म्हणाले की मला माहीत नाही, उद्यापर्यंत विचार करते. तर उद्याची वाट त्यांनी बघितलीच नाही. बुधवारी सकाळी पाळीवर गेल्यावर चौघी मिळून सुपरवायझरसमोर उभ्या राहिल्या आणि लेकरू आजारी असलं तर आम्ही तसंच सांगणार, सुट्टी तेवढ्यावर द्यायची, असं म्हणाल्या. तो बघतो म्हणाला, पण त्या दुपारी एकीला त्यानं खरंच सोडलं. आता सासूचे मामा जगतील, असं वर्षाराणी म्हणाली तेव्हा तिचा आवाज मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. आण्णा, हे मी शिकवलं नव्हतं. मी फक्त विचारलं होतं.

त्याच दिवशी आनापान घेतलं. डोळे मिटून श्वासाकडे बघा म्हटलं आणि तिसऱ्या मिनिटाला निम्मा वर्ग घोरायला लागला. तुम्ही असता तर टाळी वाजवून उठवलं असतं. मी घड्याळ लावून वीस मिनिटं झोपू दिलं. पहाटे चारला उठलेल्या बाईला दुसरी कुठली शांती शिकवणार होते मी? उठल्यावर त्या इतक्या ओशाळल्या की पुढचा तासभर एकीनंही जांभई दिली नाही.

मग त्यांनी विचारलं की एवढ्या लहान वयात हे सगळं तू कुठं शिकलीस. मी तुमचं सांगितलं. बाप आठवडाभर एसटीचा कंडक्टर आणि सुट्टीच्या दिवशी लग्नं लावणारा बौद्धाचार्य. तुमची पद्धतही सांगितली. प्रतिज्ञा घ्यायच्या आधी तुम्ही थांबता आणि नवरीला विचारता की हे लग्न तुला मान्य आहे का. मग वाट बघत राहता. बँडवाले चुळबुळ करोत, मामा घड्याळ दाखवो, नवरी पुटपुटली तर तुम्ही म्हणता, मागच्या रांगेला ऐकू आलं पाहिजे. आणि मागच्या रांगेत मी असायचे. सहा वर्षांची, फ्रॉक घातलेली, खुर्चीवर उभी. नवरीचा होकार ऐकू आला की मी हात वर करायचा आणि तो दिसल्यावरच तुम्ही पुढं जायचं, असं आपलं ठरलेलं होतं. हेर्ले गावातल्या लग्नात त्या नवरीला तुम्ही चार वेळा विचारलंत आणि मी चारही वेळा हात खाली ठेवला, आठवतं? तिचा बाप चिडला होता. तुम्ही त्याला म्हणालात की माझी पोरगी सांगेल तेव्हाच लग्न लागेल. त्या दिवशी मला वाटलं होतं की जगातलं सगळ्यात मोठं काम माझ्याकडं आहे.

गुरुवारी तुम्ही माझ्यासाठी ठरवलेला प्रसेनजीत आला होता. त्याची कंपनी तिथून दोन किलोमीटरवर, त्यामुळं पाळी सुटल्यावर पेरूची पिशवी घेऊन आला आणि वर्ग संपेपर्यंत जोतीराम आजोबांच्या शेजारी बसून राहिला. बायांनी मला चिडवून चिडवून लाल केलं. तो माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगते. वर्ग छान झाला म्हणाला, मनापासून म्हणाला. आणि मग सहज विचारलं, "हे शेवटचंच शिबिर ना?" मी म्हटलं, शेवटचं कशानं? तेव्हा तो गोंधळला. लग्नाच्या बैठकीत त्याच्या आईनं विचारलं होतं, लग्नानंतर सून आठ-आठ दिवस परगावी राहायला जाणार का. आणि तुम्ही पाच माणसांत सांगितलंत की जाणार नाही, दीक्षा ते बंद करेल. मला हे माहीत असेल असं तो धरून चालला होता. आण्णा, त्या वेळी मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. मधे एक भिंत आणि एक पडदा. मला हाक मारायला तुम्हाला आवाज वाढवायचीही गरज नव्हती.

शुक्रवारी मी शिकवलं, पण शिकवलं असं म्हणायचं एवढंच. शेवंताबाईंनी घरी माझं तोंड बघून ताकाचं भांडं पुढं केलं. शनिवारी लग्नविधीचा सराव होता. शिबिरात पुरुष नाहीत, म्हणून पॅकिंगमधली एक उंच बाई नवऱ्याची टोपी घालून नवरदेव झाली. नवरी व्हायला कुणी तयार होईना, सगळ्या लाजायला लागल्या, तेव्हा शेवंताबाई उठल्या आणि पांढरा पदर डोक्यावर घेऊन खुर्चीत बसल्या. विधी लावायचा होता वर्षाराणीनं. मी मुद्दाम मागच्या रांगेत जाऊन बसले. तिनं तुमच्याच पद्धतीनं विचारलं, अगदी पत्र्यावर आदळेल अशा आवाजात, की हे लग्न तुम्हाला मान्य आहे का. शेवंताबाई हसल्या नाहीत. खाली बघत बसल्या. वर्षाराणी थांबली, मी शिकवल्यासारखी थांबली. आणि मग शेवंताबाईंनी मान वर केली. "न्हाय," त्या म्हणाल्या. "मला बाशिंग बांदलं तवा मी झोपंत हुते. बासष्ट वर्सं झाली. आज पैल्यांदा कुणी इच्यारलं. म्हणून सांगते, न्हाय."

मी हात वर केला. आपोआप गेला तो वर, आण्णा, सहाव्या वर्षी जायचा तसा. टोपी घातलेला आमचा नवरदेव तोंडाला पदर लावून रडत होता आणि बाहेर कट्ट्यावर जोतीराम आजोबांनी सगळं ऐकलं होतं. घरी जाताना दोघं नेहमीसारखे चालले, ते पुढं, त्या मागं. मला वाटलं, मी हे काय करून ठेवलं. सकाळी उठून बघते तर चुलीपुढं आजोबा. चहा त्यांनी केला होता, साखर भरमसाट, दूध उतू गेलेलं. कप शेवंताबाईंच्या हातात दिला, समोर उकिडवे बसले आणि विचारलं, "मी पसंत हाय का तुला?" शेवंताबाईंनी चहा फुंकला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "इच्यार करून सांगते." काल निघेपर्यंत त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. आणि तो म्हातारा दिवसभर इतका खुशीत होता की विहाराचं अंगण त्यानं दोनदा झाडून काढलं. समारोपाला तो पहिल्यांदा आत येऊन बसला. मला निरोप देताना शेवंताबाई मला आक्का म्हणाल्या. मी अठ्ठावीसची, त्या सत्तरीच्या, आणि मी आक्का. पुढच्या महिन्यात वर्षाराणीच्या चुलत बहिणीचं लग्न आहे आणि ते वर्षाराणीच लावणार आहे. घरचे हो म्हणाले आहेत. त्यांनी पुढचं शिबिरही मागितलंय, माघ महिन्यात, आणि मी वहीत तारीख लिहून टाकली आहे.

आता पत्राचं कारण. येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं मी घरी येते. तुम्ही शब्द दिला आहे आणि दिलेला शब्द तुम्ही कधी फिरवला नाही, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. पाच माणसांत तुम्हाला खाली बघायला लागेल याचं मला फार वाईट वाटतं. प्रसेनजीतच्या घरी मी स्वतः जाईन, त्याच्या आईसमोर बसेन, तुम्हाला एकट्याला पाठवणार नाही. पण त्याआधी एक काम करा. मला बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवा आणि विचारा. शेकडो पोरींना विचारलंत तसंच, तेच शब्द, आणि मग तसेच थांबा. या लग्नाला मी नाही म्हणणार आहे, आण्णा. ते तुम्ही आता वाचलंत, तरीही विचारा. उशिरा विचारलं तरी चालतं, हे मी काल चुलीपुढं बघून आले आहे. आईला मात्र आत स्वयंपाकघरात बसू द्या, मी चहा गाळत होते त्याच जागेवर, पडदा ओढून. मी बोलेन ते तिला ऐकू आलं की पडद्याबाहेर तिनं हात काढायचा. तो दिसेपर्यंत तुम्ही पुढं जाऊ नका.

तुमचीच, मागच्या रांगेतली,
दीक्षा