पलीकडून येणारी हाक

३ मार्च
वाचनालयातून मज्जासंस्थेवरचं जाड पुस्तक आणलं. वाचनालयवाल्या बाई म्हणाल्या, काकू, हे जड जाईल. मी म्हटलं, पिशवी आणली आहे.
हे गेल्यापासून पुढच्या खोलीतलं दुकान बंद आहे. पंधरा तारखेला ते शिंपीणबाईंना भाड्याने द्यायचं ठरलं. लेक फोनवर म्हणाली, आई, तुला जमणार नाही. म्हटलं, मला काहीही होत नाही. होतं ते नसांना, आणि त्यांना मी वळण लावणार आहे.

४ मार्च
मज्जातंतू म्हणजे वायर. सोपं आहे. वायरमनच्या बायकोला वायर कोणी शिकवायची? वापर थांबवला की दुकानाची सवय मरणार. निश्चय: दुकानात पाऊल टाकायचं नाही.
दोनदा गेले. एकदा खिडकी लावायला. एकदा ती लावली का ते बघायला.

६ मार्च
मज्जातंतू वायर नाही. हे आधी सांगायला काय झालं होतं? पेशीच्या आत-बाहेर विजेचा फरक असतो. धक्का पुरेसा असला की दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, मग पोटॅशियम बाहेर पडून सगळं पूर्ववत होतं. एक तुकडा पेटला की तो शेजारच्याला पेटवतो. प्रत्येक ठिकाणी संदेश नव्याने तयार होतो, म्हणून शेवटपर्यंत तो जराही कमी होत नाही.
शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. आवडलं नाही.

७ मार्च
धक्का पुरेसा नसेल तर काहीच होत नाही. पुरेसा असेल तर पूर्ण संदेश जातो. अर्धामुर्धा प्रकार नाही. शेजारीण म्हणाली, डोळे लाल दिसतायत. तिला सोडियमचं समजावलं. ती म्हणाली, मग मीठ कमी खा.

९ मार्च
आजचं प्रकरण उत्तम. दोन पेशींमध्ये फट असते. वीज तिथे थांबते. अलीकडची पेशी एक द्रव्य सोडते, ते फट ओलांडतं, आणि पलीकडची जागी होते.
असंच आमच्या घरात रोज चालायचं. हे दुकानात वायरला हात लावण्याआधी ओरडायचे, “बंद?” मी स्वयंपाकघरातला मेन स्विच खाली करायचे आणि ओरडायचे, “बंद!” त्याशिवाय हात लावायचे नाहीत. टेस्टर खिशात असायचा, पण तो नंतर. आधी मी. भांडण असलं, अबोला असला, तरी एवढा शब्द बोलावाच लागायचा. पुष्कळ अबोले तिथेच मोडले.
काम झालं की ते द्रव्य फटीतून काढून घेतलं जातं. फार चांगली व्यवस्था. आमच्याकडे ते कोण करतं, बघायला हवं.

११ मार्च
संदेश गेल्यावर पेशी थोडा वेळ विश्रांती घेते. तेवढ्यात कितीही धक्के द्या, ती दाद देत नाही. लेकीला कळवलं की माझी विश्रांती चालू आहे, शिंपीणबाईंना पुढच्या महिन्यात बोलवू. तिने मोबाईलवर शोधलं. म्हणाली, आई, ती विश्रांती डोळ्याची पापणी लवायच्या आत संपते.
मुलांना शिकवू नये.

१४ मार्च
शिंपीणबाईंसाठी नवीन स्विचबोर्ड बसवायला वायरमन आला. निश्चय: त्याने “बंद?” विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. नसांची परीक्षाच. मेनजवळ उभी राहिले. वाट बघत नव्हते, निरीक्षण करत होते.
त्याने विचारलंच नाही. दुकानातलाच स्विच पाडला, टेस्टर लावला, कामाला लागला. बऱ्याच वेळाने त्याने हाक मारली, मावशी, पाणी मिळेल का?
मी ओरडले, “बंद!”
मेन चालू होता. इतक्या वर्षांत मेन चालू असताना तो शब्द माझ्या तोंडून कधी गेला नव्हता. घाईघाईने मेन पाडला, तर घरातल्या प्लगवर लावलेलं त्याचं ड्रिल थांबलं आणि तो ओरडत आत आला. पाणी दिलं. त्याने विचारलं, मावशी, तब्येत ठीक आहे ना? म्हटलं, निकाल चांगला आहे, फक्त थोडी घाई झाली.

१५ मार्च
किल्ली दिली. यांचं टेबल जिन्याखाली ठेवलं. शिंपीणबाईंना एकच अट घातली: प्लग उघडायचा असला तर आधी मला विचारायचं. कसं विचारायचं तेही सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, काकू, विचारीन की.
दुपारी शिलाई मशीनचा प्लग गरम झाला. दुकानातून हाक आली, “काकू, बंद?”
मेन पाडला. तोंड उघडलं.
त्यांनी पुन्हा विचारलं. मग पुन्हा.
शेवटी मीच चालत दुकानात गेले आणि मान डोलावली. त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला आणि मला स्टुलावर बसवलं.
निश्चय पार पडला. हाक आली, आणि मी उत्तर दिलं नाही.