बोटभर कुंकवाची घट

हॅमिल्टन
१८ ऑगस्ट २०२४

चि. पद्मजास, प्रतापकाकाचे अ. उ. आ.

फोनवर तू बोलतेस ते मला पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं, आणि माझं बोलणं तुला भांडल्यासारखं वाटतं. म्हणून पत्र. शिवाय भांडण कागदावर केलं की पुरावा राहतो.

तर भांडण असं. आमचे चिरंजीव उन्मेष मागच्या आठवड्यात लव्हालहून आले, बेसमेंटमध्ये उतरले आणि माझ्या पाचिंको मशिनांना भंगार म्हणाले. भिंतीवर ओळीने बावीस मशिनं आहेत, पन्नासेक वर्षांची, सगळी चालू. तो म्हणाला, लीव्हर दाबायचा, पोलादी गोळी उडणार, खिळ्यांवर ठेचकाळत खाली येणार, नशीब असेल तर भोकात पडून आणखी गोळ्या मिळणार, जपान्यांनी कंटाळून टाकलेला हा जुगार तुम्ही किती दिवस सांभाळणार? मी म्हटलं, तू मेकॅनिकल इंजिनिअर ना? मोटर नसताना पेटीच्या पोटात एवढं सगळं कसं हलतं हे पाहून तुला काहीच होत नाही? त्याने पेटीचं पोट पाहिलंच नाही, जिना पाहिला. मार्चमध्ये त्या जिन्यावर माझा पाय घसरला, तेव्हापासून घर विका आणि लव्हालला चला, हा एकच जप चालू आहे.

तू वॉनच्या लिलावघरात लोकांच्या वस्तूंच्या किमती ठरवतेस. एकदा ये आणि माझ्या मशिनांची बाजारातली योग्य किंमत कागदावर लिहून दे. इंटरनेटवर एकेका मशिनाला दोन-दोन हजार डॉलर लिहिलेले मी स्वतः पाहिले आहेत. ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला तो येईल तेव्हा तो कागद मी त्याच्या ताटाशेजारी ठेवणार आहे.

तुझ्या काकूने घातलेलं लिंबाचं लोणचं अजून एक बरणी शिल्लक आहे. ती गेल्यावर मी बरणी उघडलेली नाही. तू आलीस तर उघडू.

तुझा,
प्रतापकाका


लव्हाल
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय पद्माताई, सा. न. वि. वि.

ही ईमेल आहे, पण बाबांनी तुला पत्र लिहिलं असं कळलं, म्हणून मीही मायना घातला. यामिनी नवऱ्याला हसते आहे.

ताई, स्पष्टच लिहितो. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्या जिन्यावरून दिवसातून चारदा उतरतात, कशासाठी, तर खेळण्यांना तेल द्यायला. मार्चमध्ये पडले तेव्हा शेजाऱ्याला दुसऱ्या दिवशी कळलं. मला सहा तासांची ड्राइव्ह आहे. मी इथे बसून काय करू?

तुमच्या वॉनमध्येच एक माणूस आहे, पार्ट्यांना खेळ भाड्याने देतो. तो सरसकट सगळी मशिनं न्यायला तयार आहे, प्रत्येकी साठ डॉलरने. फक्त पुढच्या चौकटींवरचे लाल डाग सँडपेपरने घासून काढायचे म्हणतो. थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी तो ट्रक घेऊन येईल. तू एवढंच कर, कागदावर लिही की ह्याला बाजारात काही किंमत नाही. तुझं बाबा ऐकतात. मशिनं गेली की घर सोडायला त्यांना वेळ लागणार नाही.

आणि तुला हे पटत नसेल तर तू त्यांची लाडकी आहेस, तूच त्यांना घरी ठेव.

तुझा,
उन्मेष


वॉन
२ सप्टेंबर २०२४

प्रिय उन्मेष, अनेक आशीर्वाद.

तुझं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. माझ्या कंडोत एकच बेडरूम आहे, हे उत्तर मला लगेच सुचलं, आणि लगेच सुचलं म्हणूनच मला त्याचा संशय आला. त्या दिवशी रोजनिशीत लिहिलं: मी काकांना ठेवून घेईन का? खरं उत्तर असं की मला माहीत नाही. तेव्हा तुझ्या काळजीला मी नावं ठेवणार नाही.

पण खोटं लिहिणार नाही. तुझ्यासाठी नाही आणि काकांसाठीही नाही. काकांना मोठा आकडा हवा आहे, तुला शून्य हवं आहे. दोघांनाही एकमेकांना मारायला काठी हवी आहे, आणि ती माझ्या सहीची हवी आहे. काकांच्या वस्तूंची किंमत मी ठरवणं मुळात आमच्या धंद्याच्या नियमात बसत नाही, म्हणून कागदाच्या पहिल्याच ओळीत लिहीन की मी मालकाची पुतणी आहे आणि हा कागद विमा किंवा कोर्टकचेरीला चालणार नाही. त्याखाली जे खरं दिसेल ते लिहीन. तुला राग आला तरी चालेल. यामिनीला सांग, मायन्याला हसू नये, आपल्या घरात भांडायच्या आधी आशीर्वाद द्यायची पद्धत आहे.

तुझी,
पद्माताई


वॉन
१७ सप्टेंबर २०२४

ती. स्व. काकांस, पद्मजाचा शि. सा. न. वि. वि.

कागद सोबत आहे. लोणच्याच्या चवीवर मी तो लिहिलेला नाही, हे आधी सांगते. मशिनं पाहायला आले त्या दिवशी बरणी उघडल्यावर तुम्ही दोनदा विचारलंत की एकेक हजारात जाईल ना, आणि मी दोन्ही वेळा तोंडात लोणच्याची फोड होती म्हणून बोलले नाही.

काका, हजारात जात नाही. तुम्ही इंटरनेटवर पाहिलेत त्या मागितलेल्या किमती. मागायला कोणाला पैसे पडत नाहीत. मी पाहिल्या त्या खरोखर मोजलेल्या किमती, गेल्या तीन वर्षांत विकल्या गेलेल्या मशिनांच्या. सत्तरच्या दशकात जपानमधले पाचिंकोचे हॉल दरवर्षी मशिनं बदलत, आणि जुनी जहाजं भरभरून इकडे आली. कॅनडात किती बेसमेंटांत ती पडून आहेत ते देव जाणे. म्हणून तुमच्यासारखं चालू मशीन दीडशे डॉलरच्या आसपास जातं. निळ्या काचेचं आणि मधोमध मासा असलेलं, ही दोन दुर्मिळ आहेत, त्यांना चारशे मिळतील. उन्मेषचा ट्रकवाला देतो ते साठ डॉलर मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. ती घाईत असलेल्या माणसाची किंमत आहे.

आता जे लिहिताना हात अडला ते. तुम्ही खिळे वाकवलेत. हॉलमधल्या खिळ्यांची ठेवण अशी होती की मालक जिंकावा, आणि तुम्ही हातोडीने हलकेच ठोकून ती अशी केलीत की शेजारची पोरं जिंकावीत. संग्राहकाला मूळचे खिळे लागतात. त्यासाठी प्रत्येक मशिनामागे तीस डॉलर कमी.

आणि कुंकू. तुमच्या नागपूरच्या गिरणीत खंडेनवमीला प्रत्येक मागाला हळदकुंकू लागायचं, आणि इथे तुम्ही दरवर्षी बावीस मशिनांना लावत आलात. लाकडात ते मुरलं आहे. बाजार त्याला डाग म्हणतो. मी पहिल्या खर्ड्यात ती ओळ वगळली होती. मग स्वतःला विचारलं, मशीन अनोळखी माणसाचं असतं आणि डाग कॉफीचा असता, तर लिहिलं असतं का? लिहिलं असतं. म्हणून लिहिलं. वीस डॉलर कमी. सँडपेपरने घासलं तर मूळ पॉलिश जाऊन आणखी कमी होईल, तेही लिहिलं आहे.

शेवटी किमतीची व्याख्या दिली आहे, कारण आकडा तिच्याशिवाय अर्धवट असतो. खुल्या बाजारात, माहीतगार घेणारा आणि माहीतगार विकणारा, एकमेकांचे कोणी नसताना आणि दोघांवरही कसलीच सक्ती नसताना, ज्या जास्तीत जास्त रकमेला राजी होतील ती.

रागवा, पण पत्र लिहायचं थांबवू नका.

आपली,
पद्मजा


हॅमिल्टन
२४ सप्टेंबर २०२४

चि. पद्मजास, आशीर्वाद. (अनेक आणि उत्तम पुढच्या पत्री, राग गेल्यावर.)

कुंकवाचे वीस डॉलर कमी! बाई, तुझ्या काकूने ऐकलं असतं तर तुला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं असतं. आणि मी खिळे बिघडवले नाहीत, सुधारले. ज्या पेटीत पोर कधीच जिंकत नाही, ती पेटी बिघडलेली. मी इलेक्ट्रिशियन आहे, बिघाड मला कळतो.

कागद मी फाडणार होतो. फाडायच्या आधी नीट वाचावा म्हणून वाचला. मग फाडला नाही. इतकंच आज.

प्रतापकाका


हॅमिल्टन
१३ ऑक्टोबर २०२४

चि. पद्मजास, अनेक उत्तम आशीर्वाद. सगळे पूर्ण शब्दांत, मागची थकबाकी धरून.

परवा खंडेनवमी झाली. उन्मेष त्याच दिवशी आला, एकटाच, यामिनीला सुट्टी नव्हती. मी खाली पूजा करत होतो. यंदा बोट जरा दाबूनच लावलं. एरवी टिकलीएवढं लावतो, ह्या वेळी अंगठ्याएवढं, शिवाय वर हळद. इंडियन ग्रोसरीत झेंडू मिळाला नाही म्हणून फुलवाल्याकडची पिवळी शेवंती वाहिली. उन्मेष जिन्यावर उभा राहून म्हणाला, बाबा, हे काय करता, उद्या तो माणूस ट्रक घेऊन येतोय. मी म्हटलं, म्हणूनच.

काल सकाळी ट्रकवाला आला. माणूस वाईट नाही. त्याने बोट लावून पाहिलं, बोट लाल झालं. हे निघेल का म्हणून विचारलं. मी सांगितलं, चाळीस वर्षांत निघालं नाही, आणि पुढच्या वर्षी आणखी एक थर चढेल. उन्मेषने मध्ये पडून साठाचे पन्नास करून त्याला राजी करायला सुरुवात केली, तेव्हा मी तुझा कागद काढला आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचली, अगदी तुझ्या इंग्रजीत. कसलीच सक्ती नसताना. मग म्हटलं, महाशय, घेणारे तुम्ही आहात, पण विकणारा इथे कोणी नाही. तेव्हा किंमत किती हा प्रश्नच येत नाही. तो हसला, निळ्या काचेच्या मशिनावर दोन गोळ्या उडवल्या आणि रिकामा ट्रक घेऊन गेला.

उन्मेष तडक जिना चढला. गाडी काढून कुठेतरी गेला. मला वाटलं, गेला लव्हालला. पण दुपारी हार्डवेअरच्या दुकानातून लाकडी दांडे आणि ब्रॅकेट घेऊन परत आला आणि संध्याकाळपर्यंत जिन्याच्या दोन्ही बाजूंना कठडा बसवला. रागातच बसवला, त्यामुळे फार मजबूत बसला आहे. म्हणाला, दर रविवारी व्हिडिओ कॉल, खिशात फोन ठेवायचा, आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा विषय काढणार. मी म्हटलं, काढ. विषय काढायला कोणाची बंदी नाही. जेवताना तुझा कागद मी त्याच्या ताटाशेजारी ठेवला नाही. त्यानेच मागून घेतला, वाचला, आणि साठ म्हणजे फारच कमी होते, असं पुटपुटला.

आता तुझं काम. कागदाप्रमाणे कुंकवाने वीस डॉलर जातात. मग मी परवा एका सकाळीत पुष्कळच घालवले. फक्त मासा असलेलं मशीन कोरं ठेवलं आहे, त्याला यंदा बोट लावलं नाही. त्या मशिनाचा जुना डाग तुझ्या काकूच्या हाताचा, तिच्यानंतर मी तो नुसता गिरवत आलो. आता तो फिका झाला आहे. तुला जे वाटेल ते कर.

तुझा, आणि मशिनांचा,
प्रतापकाका


वॉन
१८ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. काकांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र आज ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. टेबलावर कोणाचा तरी चांदीचा चहाचा सेट होता, किंमत ठरवायची होती. तो तसाच बाजूला सारला.

हे पत्र घेऊन मी उद्या स्वतःच येते. येताना कुंकू आणते, तुमच्याकडचं यंदा बरंच खर्च झालं असणार. माशावाल्या मशिनाचा डाग फिका झाला असेल तर नियमाने त्याची किंमत थोडी वाढलेली आहे, आणि ती मी माझ्या बोटाने पुन्हा खाली आणणार आहे. हे करायला मला कोणी सांगितलेलं नाही, हे मी तपासून पाहिलं. तुम्हीही, जे वाटेल ते कर, एवढंच लिहिलंत. म्हणजे सक्ती नाही.

कागदात दुरुस्ती मात्र बोट लावल्यावरच करीन. आज लिहिली तर ती खोटी होईल.

उन्मेषला मी आज लिहिलं की कठड्याने घराची किंमत वाढली. किती, ते त्याने विचारलं नाही.

तुमचा लोभ आहे तसाच असू द्या, त्याला आकडा लावू नका.

आपली,
पद्मजा